क्वेट्ट्याचा हिवाळा आणि माईंची शेवंती

दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले, पहाटेचा गारठा जाणवायला लागला आणि मी पेटाऱ्यातल्या गोधड्या उन्हात टाकायला काढल्या, की मला राग येतो. कुणाचा म्हणाल, तर आता या जगात नसलेल्या माणसाचा! एक गोधडी झटकली की एक किस्सा आठवतो, दुसरी झटकली की दुसरा. सुना म्हणतात, "आई, इतकी वर्षं झाली, आता सोडा की!" सोडा काय सोडा! तुमच्या घरात धूर कोंडला नव्हता, म्हणून तुम्हाला सोडा म्हणता येतं.

नगरला दिल्लीगेटच्या बाहेर, सावेडीच्या वाटेवर तेव्हा आमची मोजकीच घरं होती. पुढे सगळं माळरान. आमचे हे हायस्कुलात मास्तर. शेजारी कासमभाईंची लाकडाची वखार आणि तिच्यामागे त्यांचं घर. कासमभाई अबोल माणूस, पण त्यांची हमीदाबी दोघांचं मिळून बोलायची. आणि आमच्यासमोर, फाटकावर पितळी पाटी लावलेला बंगला रावसाहेबांचा.

रावसाहेब सरकारच्या बांधकाम खात्यातून रिटायर होऊन आले होते. सगळी नोकरी पार वर, सरहद्दीच्या डोंगरांतल्या क्वेट्ट्याला. आता नगरला येऊन घर बांधलंत, सुखानं राहा ना! पण नाही. माणूस नगरात आला आणि हिवाळा क्वेट्ट्याचा घेऊन आला. दसरा झाला की हातात काठी, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी अशा थाटात त्यांची फेरी सुरू व्हायची. "मास्तर, विंटरची काय तयारी?"

आमच्याकडे विंटरची तयारी म्हणजे गोधड्यांना ऊन दाखवायचं, ओठांना लावायला आमसुलाचं तेल आणून ठेवायचं आणि बाजरीची भाकरी सुरू करायची. झाली तयारी! हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुलांना उघडी माळावर निजवते की काय!

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "हिवाळा हा शत्रू आहे. आमच्या क्वेट्ट्याला—"

झालं. पुढचा तासभर आम्ही क्वेट्ट्यात.

*

पहिला हल्ला झाला तो माझ्या स्वयंपाकघरावर.

आमचं घर मातीच्या धाब्याचं. चुलीच्या वर धाब्याला सवणं ठेवलेलं, म्हणजे धूर जायला आणि उजेड यायला भोक. रावसाहेब एकदा पाणी प्यायला आत आले, मान वर करून सवण्याकडे बघितलं आणि किंचाळलेच. "अहो, हे काय? इथून सगळी थंडी घरात येते! आधी बंद करा!"

मी म्हटलं, "आणि धूर?"

"धुरासाठी धुराडं बांधायचं. आमच्याकडे आहे तसं."

त्यांच्याकडे होतं खरं. दिवाणखान्यात विटांचं धुराडं आणि खाली शेकोटीची जागा. नगरात! तिच्यात त्यांच्या घरच्या माई वर्षभर कांदे-बटाटे ठेवायच्या.

मी सवण्याला हात लावणार नव्हते. पण आमचे हे! "मोठे माणूस आहेत. चार जागा बघितल्यात. ऐकून घ्यावं," असं म्हणून शाळेत जायच्या आधी स्वतः धाब्यावर चढले आणि सवण्यात पोत्याचा बोळा कोंबून आले. मी विहिरीवर गेले होते. मला पत्ता नाही. आले, चूल पेटवली, भाकरी थापायला घेतली आणि बघता बघता मला तवा दिसेना! डोळ्यांतून धारा, मुलं खोकतायत, मांजर खिडकीतून पळालं. मी पीठ लागलेल्या हातांनी मुलांना ओढत अंगणात. दारातून धुराचे लोट.

तेवढ्यात आमची दूधवाली सकू आली. डोक्यावर चरवी, कमरेवर हात. धुराकडे बघत म्हणाली, "वैनी, औंदा शिमगा दिवाळीलाच उरकताय का वो?"

हे संध्याकाळी घरी आले तेव्हा मी भाकरी वाढली नाही. म्हटलं, "सवणं बंद आहे. क्वेट्ट्याला जाऊन जेवा!"

*

माईंबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

माई म्हणजे रावसाहेबांची बायको. बारीक अंगाच्या, नऊवारी चापूनचोपून नेसलेल्या, बोलणं कमी. घर बांधून झालं त्या पावसाळ्यात त्या एक दिवस माझ्याकडे आल्या आणि लाजत लाजत म्हणाल्या, "इंदू, शेवंतीचे मुनवे कुठे मिळतील गं?"

आमच्या भागात शेवंती काय, मागाल तिथे! सकूच्या वस्तीवर शेवंतीचा मळाच होता. तिनं दुसऱ्या दिवशी टोपलीभर मुनवे, म्हणजे बुंध्याशी येणारे कोवळे फुटवे, आणून दिले, मुळांची माती तशीच ठेवून. माईंनी फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंनी लावले. थोडे मला दिले. रोज सकाळी केरवारे व्हायच्या आधी त्या वाकून एकेका झाडापाशी बसायच्या.

मी एकदा विचारलं, "माई, शेवंतीचंच का एवढं?"

त्या म्हणाल्या, "माहेरी माझ्या दारात होती. लग्न झाल्यावर एकदाही स्वतःच्या दारात फुललेली बघितली नाही. आता घर झालंय. आता बघीन."

एवढीच या बाईची मागणी! दागिना नको, तीर्थयात्रा नको. हिवाळ्यात आपल्या दारात शेवंती फुललेली बघायची. आणि घरात नवरा कोण, तर हिवाळ्याचा शत्रू!

*

त्या पहिल्या वर्षी कार्तिकात झाडं अशी गच्च कळ्यांनी भरली! हरभऱ्याएवढ्या कळ्या. आणखी थोडे दिवस, की पिवळं धमक होणार होतं सगळं.

सकाळी मी सडा घालत होते. समोरून कचाकच आवाज आला. बघते तर रावसाहेब बागेची मोठी कात्री घेऊन शेवंती कापतायत! बुंध्यापासून! एक बाजू संपवून दुसरीकडे वळलेले.

मी हातातली बादली तिथंच टाकून धावले. "रावसाहेब! अहो, काय करताय? कळ्या आल्यात!"

"म्हणूनच," ते शांतपणे म्हणाले. "हिवाळ्याआधी छाटणी. नाहीतर झाड दगावतं."

"अहो, शेवंती हिवाळ्यातच फुलते!"

त्यांनी कात्री थांबवली. माझ्यासारख्या अडाण्याला समजवावं तसं म्हणाले, "फुलते हे खरं आहे, मास्तरीणबाई. पण फुलू द्यायची नसते!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण परक्याच्या अंगणात परक्या पुरुषाच्या हातातली कात्री कशी हिसकावणार? माई पायरीवर उभ्या होत्या. रावसाहेब आत गेल्यावर खाली उतरल्या, पडलेल्या फांद्यांवरच्या कळ्या खुडून पदरात गोळा केल्या आणि पितळेच्या वाटीत पाणी घालून त्यात ठेवल्या. मी रोज जाऊन बघत होते. त्यातली एकही उमलली नाही.

माझ्या अंगणातली मात्र रग्गड फुलली. मी माईंना हात धरून घेऊन आले. म्हटलं, "ही तुमचीच आहे. न्या हवी तेवढी." त्यांनी बघितलं, एका फुलाला हात लावला आणि म्हणाल्या, "छान आलीय गं. पण ही तुझ्या दारची. मला माझ्या दारची बघायचीय."

मी हमीदाबीला सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "या मानसाला क्वेट्ट्यातून सोडलंच कशाला?"

*

दुसरी मोठी लढाई चालू होती, तेव्हाचा हा किस्सा.

रावसाहेबांनी फतवा काढला, की थंडी खिडक्यांच्या फटीतून घरात शिरते, म्हणून सगळ्या फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवाव्यात. स्वतःच्या बंगल्याच्या एकूण एक खिडकीला चिकटवल्या. काचांवर जास्तीच्या पट्ट्या, कारण म्हणे काचही गार पडते! आमच्या ह्यांनी आमच्याही चिकटवल्या. मी खळ करून दिली नाही, तर ह्यांनी स्वतः केली. करपवली.

आता आमच्या पुढच्या रस्त्यानं शहरात जाणारे सायकलवाले रोज ये-जा करायचे. लष्कराची छावणी जवळ, आणि बॉम्बनं काचा फुटून उडू नयेत म्हणून तेव्हा मोठ्या शहरांत त्यांना असेच कागद चिकटवायचे. कुणीतरी त्या पट्ट्या बघितल्या आणि कापडबाजारात जाऊन सांगितलं, "रिटायर झालेल्या सरकारी साहेबानं काचांना कागद लावलेत. त्याला आतली खबर असणार. नगरवर बॉम्ब पडणार!"

दुपारपर्यंत शहरात वर्तमानपत्राची रद्दी मिळेना! लोकांनी गाठोडी बांधली. कुणी सुप्याला पाहुण्यांकडे निघाले, कुणी राहुरीकडे. माझा दादा टांगा घेऊन धापा टाकत दारात. "इंदू, मुलं घे! मामाकडे सोनईला निघू! मास्तर मागून येतील!"

मी हातात झाडू घेऊन उभी. "अरे, कसला बॉम्ब? थंडी आहे ती!"

"थंडी?"

"हो, थंडी! थंडी येऊ नये म्हणून लावल्यात!"

दादा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला वाटलं, घाबरून माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. शेवटी त्याला रावसाहेबांसमोर उभा केला. म्हटलं, तुम्हीच सांगा याला. तुमच्या पट्ट्यांमुळे अर्धं शहर पळायला लागलंय, रद्दी संपलीय, घराघरात काचांना कागद लागलेत!

रावसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. कानटोपी सारखी करत म्हणाले, "बघा! लोकांना विंटरचं महत्त्व पटायला लागलं!"

*

आमच्या कोपऱ्यावर नगरपालिकेचा एक नळ होता. गोडं पाणी तेवढ्यातच. विहिरीचं मचूळ, डाळ शिजायची नाही. सगळ्या बायका सकाळी हंडे घेऊन तिथं.

रावसाहेबांच्या डोक्यात आलं, की थंडीत नळातलं पाणी गोठतं आणि पाइप फुटतात. नगरात! तिथं पाणी गोठायचं सोडा, पाणी यायचीच मारामार! पण त्यांनी गड्याकडून नळाला घोंगडीचे तुकडे गुंडाळून घेतले, वरून पोतं, वरून सुंभ आवळून आवळून बांधला आणि गाठीवर डांबर लावलं. सार्वजनिक कामाचं समाधान चेहऱ्यावर घेऊन घरी गेले.

सकाळी आम्ही बायका जातो तर नळाची तोटीच सापडेना. चाचपून बघितलं, दगडासारखं घट्ट. गाठ सुटेना, डांबर हाताला चिकटलेलं. पाणी यायची वेळ तासाभराची. आतून गुळगुळ आवाज येतोय, पाणी आलेलं कळतंय, आणि आम्ही भोवती हंडे घेऊन उभ्या! हमीदाबी घरी जाऊन करवत घेऊन आली, तोवर पाणी गेलं.

तेवढ्यात रावसाहेब फेरीवर आले. लांबूनच विचारलं, "काय, गोठलं नाही ना पाणी?"

हमीदाबी करवत हातात घेऊन वळली. "न्हाई रावसाहेब, पानी काय गोठलं न्हाई. आमी तेवढ्या वाळलो!"

आणि या गृहस्थांनी उत्तर काय द्यावं? "पहिल्या वर्षी थोडा त्रास होतो."

*

एक सल्ला मात्र त्यांचा बरोबर निघाला आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त संताप आला.

आमच्या अंगणात कडूलिंबाचं मोठं झाड होतं. त्याच्याखाली आम्ही बसलेलो. मी लिंबाचा पाला वाळत घालत होते, सकू तो चाळून देत होती. रावसाहेब आले, काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "एक गुपित सांगतो. गोधड्यांच्या घडीत लिंबाचा वाळलेला पाला ठेवा. कसर लागत नाही. हे मी स्वतः शोधून काढलंय."

सकू हातातली चाळणी खाली ठेवत म्हणाली, "व्हय का? मंग आमच्या आज्जीला तुमीच सांगितलं आसंल!"

ते म्हणाले, "शक्य आहे."

*

दुसऱ्या वर्षी माईंनी पुन्हा शेवंती लावली. आधीच्या बुंध्यांना फुटवे आले होते तेच पसरवून लावले. कार्तिक लागला तशी मी रोज सकाळी समोर बघायची, कात्री दिसतेय का. सकूला सांगून ठेवलं होतं, हमीदाबीला सांगून ठेवलं होतं. आमच्या ह्यांना बजावलं, "तुमचा मोठा माणूस कात्री घेऊन निघाला, तर तुम्ही जाऊन बोलण्यात गुंतवायचं!"

ह्यांनी खरंच गुंतवलं! एकदा दोन घटका भूमितीवर बोलत बसले. त्या वर्षी रावसाहेबांनी मनावर घेतलं आणि म्हणाले, "बरं, तुम्हा सगळ्यांचा एवढा आग्रह आहे तर छाटत नाही. झाकतो."

आम्हाला वाटलं, जिंकलो.

त्यांनी गाडीभर कडबा आणला. शेवंतीची सगळी झाडं कडब्यानं गळ्यापर्यंत झाकली, कळ्यांवरही पेंढ्या पसरल्या, बाजूनं काटक्या रोवल्या. "आता बर्फ पडलं तरी चिंता नाही," म्हणाले. मी आभाळाकडे बघितलं. लख्ख ऊन!

त्या साली पाऊस ओढलेला. चाऱ्याची सगळीकडे बोंब. माळावर गवताची काडी नाही. आणि रस्त्याला लागून, फाटकाच्या आत, ताजा कडबा पसरून ठेवलेला! सकाळी सकूच्या म्हशी पाण्याला निघाल्या, त्या सरळ फाटक ढकलून आत. त्यांच्यामागून कासमभाईंच्या वखारीतला बैल. मग कुणाच्या तरी शेळ्या. आम्ही आरडाओरडा करून पोचेपर्यंत कडबा गेला आणि कडब्याबरोबर शेवंतीही गेली. जमिनीलगत बोटभर खुंट राहिले.

रावसाहेब सकूवर तुटून पडले. "तुझ्या म्हशींना आवर घालता येत नाही? ही बाग आहे!"

सकू काही ऐकून घेणारी नव्हती. "साहेब, तुमी ताट वाढून रस्त्यावर ठिवलं. म्हस जेवली. आता तिला काय पाटीवरचं नाव वाचता येतं व्हय?"

आम्ही हसलो. हसू आवरेनाच. मग माईंकडे लक्ष गेलं. त्या खुंटांपाशी बसल्या होत्या. एका म्हशीच्या तोंडातून एक कळ्यांची डहाळी लोंबत होती, तिच्याकडे बघत म्हणाल्या, "तिला तरी गोड लागली असेल."

माझं हसू तिथंच विरलं. घरी येऊन मी रडले. रागानं रडले. ज्या बाईनं जन्मभर या माणसाचे डबे भरले, मफलर विणले, त्या बाईला एक फूल बघू देऊ नये? आणि वर सगळे म्हणतात, मोठा माणूस आहे!

*

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. शेवंती पुन्हा कळ्यांवर आलेली. माझ्या ओसरीवर माई, हमीदाबी आणि मी घेवड्याच्या शेंगा मोडत बसलो होतो.

हमीदाबीनं सहज विचारलं, "माई, तकडं क्वेट्ट्याला लई बर्फ पडतंय म्हनं. तुमी कसं काढलंत वो एवढे हिवाळे?"

माई शेंगेची शीर ओढत म्हणाल्या, "हिवाळ्यात आम्ही तिथं कुठं असायचो?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"थंडी पडायच्या आत ऑफिस खाली सिबीला हलायचं. साहेब, कारकून, बायकामुलं, सगळे. सिबी गरम आहे. उन्हाळा जवळ आला की पुन्हा वर."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग बर्फ? धुराडं? गोठलेले नळ?"

"ते जाताना बंदोबस्त करायला लागायचा ना. घराला कुलूप लावून सहा महिने जायचं. म्हणून धुराडं, सवणी सगळी बुजवायची, खिडक्यांना कागद लावायचे, नळ बांधायचे, बाग छाटून झाकून टाकायची. मागे बघायला कोण असायचं? मी दरवेळी काहीतरी लावायची आणि फुलायच्या आत ट्रंका भरायच्या. तिकडे जाऊन लावायचं, तिथलं फुलायच्या आत पुन्हा इकडे."

मी ओरडलेच. "अहो माई! म्हणजे हे सल्ले घरात राहणाऱ्यांचे नाहीतच! हे घर सोडून जाणाऱ्यांचे आहेत! आणि आम्ही तीन वर्षं कुलूप लावलेल्या घरात राहावं तसं राहतोय!"

हमीदाबी हसत हसत ओसरीवर आडवी झाली. डोळे पुसते, पुन्हा हसते. माझं डोकं मात्र फिरलं. तीन वर्षं! धूर खाल्ला, पाण्याविना राहिलो, अर्धं शहर गावाबाहेर पळवलं! मी तिथूनच निघाले असते रावसाहेबांना जाब विचारायला.

माईंनी माझा हात धरला. त्या हसल्या नव्हत्या. हातातली शेंग मोडून झाल्यावर त्यांनी पदर झटकला. "तू नको जाऊस. येते मी," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऊन नुकतं अंगणात उतरलेलं, तेव्हा रावसाहेब बाहेर आले. मफलर, कानटोपी आणि हातात तीच कात्री. मागच्या वर्षी झाकून बघितलं, फायदा झाला नाही, म्हणून यंदा छाटणी असं त्यांनी आदल्या दिवशीच आमच्या ह्यांना सांगितलं होतं. मी त्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. मनाशी ठरवलं होतं, आज परका पुरुष नाही आणि परकं अंगण नाही, कात्री हिसकावायची.

इतक्यात रस्त्यानं एक टांगा आला आणि त्यांच्या फाटकाशी थांबला.

बंगल्याचं दार उघडलं. माई बाहेर आल्या. अंगावर प्रवासाची शाल, पायांत वहाणा, हातात फिरकीचा तांब्या. मागून गडी ट्रंक आणि होल्डॉल घेऊन आला आणि टांग्यात ठेवायला लागला. मग बिछान्याची वळकटी. मग स्टोव्ह.

रावसाहेब कात्री हातात धरून बघतच राहिले. "हे काय? कुठं निघालीस?"

माई टांग्यात चढून बसल्या. शाल नीट केली. "मला काय माहीत? तुम्ही घर बंद करायला घेतलंत. खिडक्या झाल्या, नळ झाला, आज बाग. म्हणजे आपण निघालो. इतकी वर्षं कधी विचारलं नाही कुठं म्हणून. ट्रंका भरल्या आणि आले. आताही आले. सांगा कुठं ते."

"अगं, पण आपण कुठंच जाणार नाही! हे आपलं घर आहे!"

"कुणाचं?"

हमीदाबी वखारीच्या दारात आली होती. तिच्यामागे कासमभाई. सकू चरवी घेऊन रस्त्यातच थबकलेली. आमचे हे चष्मा पुसत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडून "मोठे माणूस आहेत" हे आलं नाही.

टांगेवाला कंटाळला. "साहेब, ठेसनला घ्यायचं का?"

"थांब रे!" रावसाहेब ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "उतर खाली. लोक बघतायत."

"बघू देत," माई म्हणाल्या. "घर उघडं असेल तर उतरते. बंद करायचं असेल तर निघूया. बाहेर ऊन चढायच्या आत ठरवा."

घोड्यानं मान झटकली. रावसाहेबांनी शेवंतीकडे बघितलं, टांग्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. कानटोपी काढली. कात्री पायरीवर ठेवली. मग ते मागच्या बाजूला गेले. आम्हाला वाटलं, रागावून घरात गेले. पण रहाटाचा आवाज आला आणि ते झारी घेऊन परत आले. जड झारी, पाणी धोतरावर सांडतंय. फाटकाजवळच्या पहिल्या झाडापाशी वाकले आणि पाणी घालायला लागले.

माई टांग्यातून उतरल्या नाहीत. शालीचं टोक धरून नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या,

"बुंध्याशी घाला. कळ्यांवर नको."